वहीतली सुरमई

माझी बायको नीलम चव्वेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकली आणि मी ते जगाला सांगत सुटलो. काशीमीऱ्याला माझं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक क्लच प्लेट मागायला आलं तरी मी त्याला आधी बायकोच्या फ्रीस्टाइलचं सांगायचो. मी स्वतः कमरेच्या वर पाण्यात कधी गेलेलो नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला पोहता यावं लागत नाही.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं होतं, इतकंच. बाईंना गोडी लागली. आठवड्यातले चार दिवस तलाव आणि दोन दिवस तिथल्याच मिनलकडे वजनं उचलायची. मिनल म्हणजे बायकांच्या बॅचला शिकवणारी पोरगी. मग चाळिशीपुढच्या बायकांची शंभर मीटरची शर्यत जाहीर झाली आणि नीलमने मला न विचारता नाव देऊन टाकलं. पंचवीस मीटरच्या चार फेऱ्या न थांबता पार करायच्या, एवढंच तिला हवं होतं. नंबर गेला खड्ड्यात, म्हणाली.

घोडं अडलं तिसऱ्या फेरीनंतर. दर वेळी डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि ती भिंत धरून उभी राहायची. रोज काय खाता ते लिहा, म्हणून मिनलने तिला वही दिली. नीलमने महिनाभर सुवाच्य अक्षरात ती भरली. वही वाचून मिनल चक्रावली आणि तिने रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन निघालं नऊ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण मिनलने स्पष्ट सांगितलं की असंच राहिलं तर शर्यतीतून नाव काढावं लागेल, पाण्यात चक्कर आली तर काय करायचं? त्या संध्याकाळी नीलम नळ मोठा सोडून भांडी घासत बसली. ती रडतेय हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मिनलने मला तलावावर बोलावलं आणि वही पुढे केली.

"काका, अशी डायट चांगल्या चांगल्या स्विमरची पण नसते. मग नऊ कसं येतंय?"

मी वाचायला लागलो. सोमवार, दोन उकडलेली अंडी. बुधवार, दोन बांगडे. रविवार, तळलेली सुरमई, तीन तुकडे. वाचता वाचता माझी कानशिलं तापली. रविवारची सुरमई मला चांगली आठवत होती. पाच तुकडे होते. तीन मी खाल्ले आणि दोन आमच्या मुलाने, अमोलने. सोमवारची अंडी माझ्या डब्यात आली होती. वहीवर नाव नीलमचं होतं आणि आत सगळं माझं पोट होतं.

नीलम शेजारीच ओल्या केसांनी उभी होती. ती खोटं बोलली नव्हती. बिचारीला चूक कुठे झाली तेच समजत नव्हतं.

"घरात जे केलं तेच लिहिलंय," ती म्हणाली. "मी काय वेगळं जेवते?"

"रविवारी तुझ्या ताटात काय होतं?"

"कालवण होतं की. भात होता."

आमच्याकडे ही रीतच आहे. माझी आई अशीच जेवायची, तिची आईही. पुरुष आणि पोरं उठली की बाई बसते आणि टोपात जे उरलं असेल त्याला जेवण म्हणते. बावीस वर्षं मी तिच्या आधी हात धुऊन उठलो आणि तिच्या ताटात एकदाही डोकावलो नाही. मला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की मी चिडतो. तसा चिडलो आणि घरी येऊन फर्मान काढलं की आजपासून नीलम पहिली जेवणार.

फर्मान काढायला काय जातंय? अमोलने ताट वाढलं, तर ही बाई बांगडा हळूच टोपात परत टाकायची. आम्ही समोर बसून पहारा दिला, तर म्हणे कोणी बघत बसलं की घास उतरत नाही. आठवडा असाच गेला. शेवटी मी जाहीर केलं की तिचं ताट रिकामं होईपर्यंत मी पाण्याशिवाय काही घेणार नाही. आठला मला भूक लागते आणि सव्वाआठला मी कोणाशीही भांडू शकतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा उपाशी बसलाय म्हटल्यावर नीलम दोन बांगडे, नाचणीची भाकरी आणि वाटीभर मुगाची उसळ मुकाट्याने संपवायला लागली. माझ्यासाठी का होईना, पण जेवायला लागली. वजनं उचलून आली की दूध आणि अंडी तिच्यापुढे ठेवायचं काम अमोलने घेतलं.

सातव्या आठवड्यात चौथी फेरी पार पडली आणि मिनलने नाव कायम ठेवलं.

शर्यतीत सात बायका होत्या. तिसरी फेरी संपली. नीलमचा हात भिंतीला लागला, ती वळली आणि निघाली. सातांत सहावी आली. मी कठड्यापाशी उभा राहून लहान पोरासारखा रडलो, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

ती धापा टाकत बाहेर आली. मी शाबासकीचं काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, मला भूक लागलीय."

बावीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवेना. मी डबा उघडून दिला. ती तिथेच पायरीवर बसली, चारही अंडी संपवली, भाकरी संपवली, बोटं चाटली. मी खाल्लं की नाही, हे तिने विचारलं नाही. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, आणि मला फार बरं वाटत होतं.