हॉविसबाईंची लग्नाची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, ओकच्या लाकडाची. इंग्लंडातल्या एका सरदाराने आपल्या मुलीच्या, हॉविसच्या, लग्नासाठी मला घडवून घेतले. माझ्या झाकणावरची वेलबुट्टी पाहून पाहुणे थक्क झाले. हॉविसने मात्र नवऱ्याचे तोंडही पाहिले नव्हते.

मित्रांनो, तो नवरा, फुल्क, स्वभावाने चांगला निघाला. तिला हसवायचा. त्यांना मॅबिल नावाची मुलगी झाली. मग फुल्क तापाने गेला. मॅबिल जहागिरीची वारस, म्हणून सासऱ्यांनी तिला ठेवून घेतले आणि हॉविसला माझ्यासकट माहेरी धाडले. वाटभर ती माझ्या कडीला धरून बसली होती.

भावाने, रॅनल्फने, तिला म्हाताऱ्या ड्रोगोला दिले. ड्रोगोला तिच्या जमिनी हव्या होत्या. तो माझ्यावर बसून चिखलाचे बूट काढायचा आणि जेवून झोपायचा. दिवसचे दिवस तिच्याशी कोणी बोलत नसे. शेवटी तोही मेला.

तिची शोकाची वस्त्रे उतरण्याआधीच रॅनल्फ हजर झाला.

“तयारीला लाग. राजेसाहेबांनी तुला स्थळ पाहिलंय.”

“माझं लग्न मलाही कळवलंस! उपकार झाले, दादा.”

“एकटी राहून काय करणार आहेस?”

“दोन लग्नं करून दुसरं काय केलं रे मी?”

तिने बिशपसमोर पुन्हा लग्न न करण्याची शपथ घेतली. आता राजालाही तिचे लग्न लावता येईना. रॅनल्फने मात्र पुन्हा तिच्या घरी पाऊल टाकले नाही. मोठे घर, थंड चूल आणि आम्ही दोघी.

बऱ्याच वर्षांनी मॅबिल आली, लग्नाआधी आशीर्वाद घ्यायला. परक्यासारखी माझ्या झाकणाच्या कडेला टेकली.

“मुलगा पसंत आहे का गं?” हॉविसने विचारले.

“हे मला कुणी विचारलंच नाही.”

“मी विचारतेय.”

मॅबिल रडू लागली. “नको वाटतो, आई. भीती वाटते त्याची.”

“मग चर्चच्या दारात पाद्री विचारतील, तेव्हा नाही म्हण. सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुझ्या होकाराशिवाय त्यांना लग्न लावता येत नाही.”

मॅबिल खरोखरच नाही म्हणाली. चिडलेल्या आजोबांनी, म्हणजे फुल्कच्या वडिलांनी, मायलेकींची भेट कायमची बंद केली. ही बातमी एका फेरीवाल्याने आणली. तो गेल्यावर हॉविस माझ्यावर बसून खूप हसली आणि मग बाहीने डोळे पुसत राहिली. ऐकायला मीच होते.

हॉविस वारल्यावर मला चर्चच्या कोपऱ्यात टाकले. आता माझ्यात मेणबत्त्यांचे तुकडे आणि उंदीर असतात. मित्रांनो, जमले तर माझ्या बिजागऱ्यांना तेल द्या. पण घरात कोणी एकटे बसलेले दिसले, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. मी थांबेन, मला सवय आहे.