ऐनवेळचा विषय

चार वर्षांत टेपबाई नगरपालिकेच्या एकवीस सभांना बसल्या, आणि एकवीसही वेळा बाजारातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह हा विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. शिवणकाम करायच्या, गळ्यात कायम मापाची टेप, म्हणून हे नाव. निवडून आल्या तरी टेप उतरली नाही आणि नावही.

त्यांची नणंद त्याच बाजारात भाजी विकायची. कुठे जायची सोय नाही म्हणून पहाटेपासून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. शेवटी डॉक्टरांनी किडनीचं दुखणं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या मतांसाठी मी उन्हातान्हात दारोदार हिंडले. मला आडोशाचं एक दार द्या, बास."

पूर्वी एवढं अडत नव्हतं. पाण्याच्या टाकीमागे राखणदाराची खोली होती. त्याची बायको येताजाता बायकांना हाक मारून आत घ्यायची, वर हातपाय धुवायला पाणी द्यायची. टाकी मोडली, राखणदार गेला, जागा तेवढी राहिली.

पण दार द्यायचं तर आधी आराखडा हवा. आराखड्याला अभियंता हवा, तो रजेवर. तो उगवला तेव्हा आरोग्य खात्याचा अभिप्राय हवा. अभिप्राय आला तोवर आराखडा जुना झालेला. शिव्या घालाव्यात तर कोणाला? जो तो नियमाने वागत होता आणि वर चहा पाजत होता.

गोदामवाल्यांचे विषय मात्र सभेच्या शेवटी, 'ऐनवेळचे' म्हणून, अध्यक्षांच्या परवानगीने यायचे आणि लोक खुर्च्या सरकवून उठेपर्यंत मंजूर व्हायचे. टेपबाईंनी एकदा सभेच्या कारकुनाला गाठून चांगलंच खडसावलं.

तो बिचारा हळूच म्हणाला, "बाई, त्यांची फाईल येते तीच नकाशा, वकिलाचं मत आणि ठरावाचा मसुदा घेऊन. साहेबांना नुसती सही करायची असते. त्यांच्या फाईलसाठी दहा माणसं राबतात. तुमच्या फाईलसाठी तुम्ही एकट्या."

बाविसाव्या सभेच्या सकाळी अध्यक्षांनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं. सूर साखरेत घोळलेला. स्वच्छतागृह आज ऐनवेळी घेऊन टाकू, म्हणाले. फक्त त्याआधी भूखंड एकेचाळीसचा किरकोळ ठराव आहे, गोदामवाल्यांचा, त्याला ताईंनी अनुमोदन द्यावं. टेपबाईंना कसंसंच झालं. पण चार वर्षं सरळ बोटाने तूप निघालं नव्हतं. एकदा वाकडं करून पाहू, असं त्यांनी मनाला समजावलं.

दोन्ही ठराव सहा मिनिटांत मंजूर. नणंदेला कधी सांगते असं त्यांना झालं. जाता जाता कारकुनाला विचारलं, काम कधी सुरू?

कारकुनाने नजर चुकवली. "जागा उपलब्ध होताच, असं ठरावात आहे."

"आहे की जागा. टाकीमागची."

"तीच एकेचाळीस, बाई. नव्वद वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेली."

उभा बाजार त्या जागेला टाकीमागची जागा म्हणायचा. नंबर कोणाला ठाऊक असणार? ज्यांना ती हवी होती, त्यांना. ठराव फिरवायचा तर तीन महिने त्याला हात लावता येत नाही, मग निम्म्या सदस्यांच्या सह्या, मग नवा अभिप्राय... कारकून बोटं मोजत राहिला.

बाजारात नणंदेने कोबीची पानं सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"अनुमोदन कोणी दिलं?"

"मी."

"मग विरोधाचा कागदही तुम्हीच लिहा. आणि कोण फसलं, ते त्यात लिहा. गुळमुळीत नको."

पहिलं वाक्य जुळवायला टेपबाईंना अर्धा तास लागला. भूखंड एकेचाळीसच्या ठरावाला मी स्वतः, जागा न पाहता, अनुमोदन दिले. पुढचं मात्र भराभर आलं.

अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या माणसाने कागद वाचलासुद्धा नाही. तीन प्रती लागतील, म्हणाला.

टेपबाई तिथेच फरशीवर बसल्या आणि दुसरी प्रत लिहायला घेतली.