कुठला सोडा?

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या झाकणाचा टवका उडाला आहे आणि बुडाशी काचेत एक बुडबुडा अडकलेला आहे. मला फुंकून घडवणाऱ्या कारागिराचा तो श्वास. तो मी आजवर जपला आहे, कारण माझे म्हणावे असे तेवढेच आहे. पोटात असते ते सगळे दुसऱ्यांचे.

या घरात मी आईच्या लग्नाबरोबर आले. घरात सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिने माझ्यात खाण्याचा सोडा भरला, कागदाची पट्टी चिकटवली आणि वर लिहिले, ‘सोडा’. तेवढ्यावर आमची वीस वर्षे सुखाने गेली. केक छान फुगला की कौतुक ओव्हनचे व्हायचे. चिमूटभर सोडा कुणाला आठवायचा नाही. मग मीच फळीवर बसून मनातल्या मनात फुगायची.

एकदा सोडा संपला. आईने बाबांना चिठ्ठी लिहून दिली, ‘सोडा’. दुकानदाराने कपडे धुण्याच्या सोड्याची पुडी हातात ठेवली. बाबांनी ती माझ्यात रिकामी केली आणि पुडीचा कागद केरात टाकला. ही माझ्या ओळखीची मऊ भुकटी नव्हती, दाणे खरखरीत होते. मी मनातून चरकले. पण पट्टीवर लिहिलेले तर खोटे नव्हते!

त्याच दुपारी जेवणानंतर आईच्या छातीत जळजळू लागले. तिने सवयीने पेल्यात पाणी घेऊन चमचाभर सोडा ढवळला. मित्रांनो, धुण्याचा सोडा पोटात गेला तर तोंडापासून आतपर्यंत भाजून निघते. पेला ओठांकडे निघाला. मला वाटले, आत्ताच ओट्यावरून पडून फुटावे, म्हणजे ती दचकून थांबेल तरी.

इतक्यात बाबांची बहीण, आत्या, आत आली. ती तळ्यावर पक्ष्यांच्या गणनेला गेली होती. गळ्यात दुर्बीण, पायांना चिखल. तिची नजर माझ्या काचेवर पडली.

“वहिनी, थांब! दाणे एवढे जाड कसे?”

“अगं, सोडाच आहे. लिहिलंय ना वर.”

“पण कुठला? पांढरा पक्षी दिसला की मी नुसतं ‘बगळा’ लिहून मोकळी होत नाही. चोच बघते, पाय बघते, मग लिहिते. दे इकडे.”

आईने कुरकुरत पेला दिला. आत्याने त्यातले थोडे पाणी बशीत ओतले आणि चिमूटभर हळद टाकली. पिवळी हळद बघता बघता विटेसारखी लाल झाली. कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो ना, तसेच हे. खाण्याचा सोडा सौम्य असतो, त्याने हळद इतकी लाल होत नाही.

आईने पेला उचलून मोरीत ओतला. आवाज ऐकून आत आलेल्या बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. “फेकून द्या ती बरणी!” ते म्हणाले.

“दादा, तिचा काय दोष? अर्धं नाव आपणच लिहिलं,” आत्या म्हणाली. तिने गणनेच्या वहीतला कागद फाडून माझ्यावर चिकटवला. ‘धुण्याचा सोडा. खायचा नाही. तपासला.’

हुश्श! बुडाशी अडकलेला तो जुना श्वास सुटावा, तसे मला वाटले.

आता मी कपडे धुण्याच्या जागी, उंच फळीवर असते. केकचा वास आला की जरा हुरहुर लागते, पण आई सुखरूप आहे, हे पुरे. मित्रांनो, विज्ञान बशीभर पाण्यात आणि एका प्रश्नातसुद्धा मावते. तेवढा प्रश्न विचारायचा कंटाळा करू नका आणि आमच्यावर पूर्ण नाव लिहा. आम्हा बरण्यांना तोंड असते, पण बोलता येत नाही.

बाबांना अजून ओशाळल्यासारखे होते. कुणी त्या दुपारचा विषय काढला की ते हात जोडून म्हणतात, “सोडा हो आता!”

आणि आई हसून विचारते, “कुठला?”