राक्षसाच्या पोटातली पंगत

वसुधा टिपणीसने काढलेल्या राक्षसाने शाई वाळायच्या आतच राजाला गिळलं. ठरलं होतं ते नुसता जबडा वासून भीती दाखवायचं. शेवटच्या पानावर याच राजाच्या लेकीचं लग्न होतं, आणि कन्यादानाला बाप हवाच. प्रकाशक गद्रेकाका संध्याकाळी चित्रं न्यायला येणार होते. वसुधाचं हे पहिलंच पुस्तक. ते हातचं गेलं, तर पुन्हा बिस्किटांच्या पुड्यांवर ससे काढत बसायचं होतं.

"तोंड उघड," ती म्हणाली.

"आता कुठे जेवलोय," राक्षस कुरकुरला, पण स्वभावाने गरीब होता बिचारा. त्याने आ वासला. वसुधाने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि जिभेवरून खाली उतरली.

पोटात छान उजेड होता. पंगत बसली होती. मागच्या पानांवर त्याने खाल्लेले सगळे, म्हणजे सेनापती, दोन चेटकिणी आणि अर्धा घोडा, केळीच्या पानांवर ताव मारत होते. राजा मुकुट मांडीखाली घेऊन मठ्ठा भुरकत होता.

"महाराज, चला. वर लग्न खोळंबलंय."

"पंगतीतून मधेच उठायचं?" राजा दुखावला. "घरच्यांनी काही वळण लावलंय की नाही? सगळ्यांचं होऊ दे. तोवर तूही बस."

वसुधाला वळण होतं, तेच नडलं. ती बसली. घोड्याने जिलबीचा आग्रह केला. ती नको नको म्हणाली, म्हणून पानात ढीग पडला. जिलबी अशी झकास, की पुस्तकाची काळजी करायचीच लाज वाटावी. सेनापती स्वतःच्या मरणाची गोष्ट रंगवून सांगत होता आणि वसुधा पोट धरून हसत होती. कितीतरी दिवसांनी तिला इतकं बरं वाटलं.

हळूहळू सगळ्यांचं उरकलं. राजाचा तेवढा दहीभात राहिला.

"वसुधाताई, आहात का घरात?" वरून गद्रेकाकांचा आवाज आला. "अरे वा, राक्षस काय जिवंत उतरलाय."

वसुधाला ओरडायचं होतं. पण तोंडात घास असताना बोलायचं नाही, हेही घरचंच वळण. तो गिळेपर्यंत काका चित्र बघायला खाली वाकले होते.

राजाने शेवटचा घास उचलला. तेवढ्यात गद्रेकाका चष्म्यासकट वरून आले, सगळ्यांनी हसत सरकून त्यांना जागा केली, आणि एक चेटकीण नवं पान मांडून त्यावर मीठ वाढू लागली.