इलॅस्टिकची चप्पल

मास्तर दुकानात ठणठणीत आणि रस्त्यावर लंगडा, हे धाकट्या भावाला काही पटेना. कापड बेतायच्या टेबलावर दिवसभर वाकलेला माणूस हूं की चूं करत नाही, आणि घरी जाताना मात्र वाटेतल्या प्रत्येक पायरीवर बूड टेकतो!

"दादा, तुला चालायचाच कंटाळा आहे."

डॉक्टरीणबाईंनी मात्र लगेच ओळखलं. मणक्यातली वाट अरुंद झालेली; वाकलं की नसेला जागा मिळते, ताठ झालं की ती चेंगरते. ऑपरेशन केलं तर काही महिने उभ्यानं काम बंद. नाहीतर पाठीत इंजेक्शन. "त्यानं सूज उतरेल, वाट रुंद होणार नाही. पायातला जोर कमी वाटला, तर त्याच दिवशी यायचं."

"करून टाका ऑपरेशन," बायको म्हणाली.

मास्तरचा हिशेब वेगळा होता. कात्री एकदा दुसऱ्याच्या हातात गेली की परत येत नाही. वडिलांच्या हातची त्यानं अशीच घेतली होती. त्यांना नुसता ताप आला होता, आठवडाभराचा.

इंजेक्शन घेतलं. मास्तर कुठेही न टेकता घरी पोचला.

"बघ, शिंप्याचं काम सुईनंच झालं!" भाऊ खूश.

पुढे डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. दुखत तर नव्हतं. मास्तरनं चपलेला मागून इलॅस्टिक शिवलं, दुहेरी टाक्यानं, सुबक. दुकानात कौतुक झालं.

"अहो, पाय दाखवून या," बायको म्हणाली.

"सैल चप्पल झालीय, पाय नाही."

दुखणं परतलं, तसं दुसरं इंजेक्शन घ्यायला गेला. डॉक्टरीणबाईंनी आधी चप्पल पाहिली.

"हे कधी शिवलंत?"

"झाले चार-पाच महिने."

"पाय तेव्हाच दाखवायचा होता."

ऑपरेशन झालं. दुखणं गेलं; डाव्या पायाचा पंजा मात्र उचलेना.

तो दुकानात परतला, तेव्हा टेबलाशी कात्री घेऊन नवा कटर उभा. भावानं गादीची खुर्ची पुढे सरकवली. खुर्ची नवी होती, बेत जुना असावा.

"बस दादा, काज-बटणं बघ. तुझी जागा कुठे पळून जातेय?"

मास्तर बसला. पाठ अगदी ताठ.

थोड्या वेळानं कटर अदबीनं कापड घेऊन आला. "मास्तर, यात सुलटी बाजू कुठली? कळतच नाही."

मास्तरनं कापडावरून बोट फिरवलं, दोन्ही बाजूंनी. मग उलटी बाजू वर करून कापड त्याच्या हातात दिलं.

"ही. काप बिनधास्त."