घराला रंग चाललाय

"मावशी, देवाची शपथ, काल आलो होतो मी. तुम्हीच होतात की दारावर!"

दारावर मावशीच होत्या, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. आणि हा फिरकलाही नव्हता. वॉर्डच्या दाराशी मावशींचा जन्म गेला होता. खरं बोलणारा अडखळतो, वैतागतो, 'सोडा हो आत' म्हणून अंगावर येतो. लबाड मात्र साखर पेरत येतो आणि वर शपथ घेतो. एवढ्याशा थापेसाठी देवाला साक्षीला उभं करणारी माणसं मावशींना दारातल्या पायपुसण्याहून हलकी वाटायची.

तो आईच्या खाटेशी गेला. डॉक्टरांनी त्या आजींना घरी जायला सांगून आठवडा झाला होता.

"अगं, घराला रंग चाललाय. तुला आवडतो तो, मोतिया. त्यात रंगारी आजारी पडला, शिडी मोडली... काल हेच सांगायला आलो, तर तू गाढ झोपलेली. उठवायला जीव होईना. हो की नाही, मावशी?"

घरभर रंग चालला होता म्हणे, आणि अंगाला वास नुसता अत्तराचा! तिथल्या तिथे त्याला उघडं पाडावं असं मावशींच्या अगदी ओठांवर आलं. पण आजी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"हो, आले होते," मावशी म्हणाल्या. "बराच वेळ बसले होते उशाशी."

मुलगा खुलला. घड्याळ बघत, आईच्या गालाला हात लावत, "दोन दिवसांत नेतोच हं तुला," म्हणून सटकला. जाताना मावशींकडे बघून हसला, धंद्यातल्या भागीदाराकडे बघून हसावं तसा. मावशींना चूळ भरावीशी वाटली.

"बराच वेळ बसला होता?" आजी म्हणाल्या. "पाळण्यात होता तेव्हापासून एका जागी बसला नाहीये तो. थापा मारणं तुला नाही गं जमत."

"चुकलं, आजी."

"त्याचं कसं, घडाघडा! बापावर गेलाय अगदी. मी आपली दोघांनाही हो म्हणत आले."

पांघरूण तरी सारखं करावं म्हणून मावशींनी ते पायाकडून उचललं.

आजींच्या पायांत चपला होत्या. पट्टे नीट लावलेल्या.

"काढ आता त्या," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.