तीन ठिपके

पंप उघडायच्या आधीच ज्ञानेश्वरला कळलं, की बेअरिंग गेलंय. जळक्या ग्रीसचा वास नाकात बसला होता आणि पंपाची बॉडी हात लावू देत नव्हती.

"आरं, शनवारी कसा गोड चालला हुता ह्यो," बोल्ट सोडवत तो स्वतःशीच पुटपुटला.

दोन हजार सहाचा जुलै. लंडनजवळच्या वॉटफर्डच्या बाहेरच्या त्या उतारावर ऊन असं पडलं होतं, की मातीला बोटभर भेगा गेल्या होत्या. खाली तळं, मध्ये टोमॅटोचं काचघर आणि पार वर भेंडीचं. स्टॅनमोरची देशी दुकानं भेंडी हातोहात उचलतील, असं सतीशनं मालकिणीच्या, मार्गारेटबाईंच्या, डोक्यात भरवलं होतं. आता वरची पानं माना टाकत होती.

सतीश इथला मॅनेजर. कऱ्हाडजवळच्या एकाच गावचे दोघं, ज्ञानेश्वरच्या वडलांच्या वर्कशॉपात एकत्र शिकलेले. तीन वर्षांपूर्वी त्यानंच ज्ञानेश्वरला फिटर म्हणून वर्क परमिटवर इथं आणलं. ज्ञानेश्वरचं इंग्रजी गुड मॉर्निंगच्या पुढं जात नसे. बाईंशी त्याचं जे काही बोलणं होई, ते सतीशच्या तोंडून. परमिट वाढवायच्या कागदावर बाईंची सही याच आठवड्यात व्हायची होती.

दहा दिवसांपूर्वी पंपातल्या इंपेलरवरनं, म्हणजे पाणी वर फेकणाऱ्या फिरत्या चक्रावरनं, दोघांची जुंपली होती.

"वर प्रेशर कमी पडतंय, ज्ञाना. इंपेलरची भोकं बुजव. हेड वाढेल, पाणी आणखी वर चढेल, डेफिनेटली."

"वाढंल की, पाच-सात फूट! पर मागचं पानी इंपेलरला म्होरं रेटतंय, त्यो रेटा कुठनं सुटायचा? त्या भोकांतनंच सुटतोय न्हवं? ती बुजीवली तर समदा भार बेअरिंगवर. आठ दिस टिकायचं न्हाई. बाईस्नी सांग, मोठा पंप घ्या म्हनावं."

"बरं, सांगतो," सतीश म्हणाला होता, आणि ज्ञानेश्वरनं ते खरं धरलं होतं.

आता इंपेलर बाहेर आला. पाचही भोकांत पितळी बुचं ठोकलेली. आणि मधल्या जाड भागावर पंचनं, टोकदार छिन्नीनं, मारलेले तीन ठिपके.

ज्ञानेश्वरनं त्यांवरनं अंगठा फिरवला. वडलांचा नियम होता, ज्याचा हात पंपात गेला, त्यानं पंप मिटवण्याआधी आपली खूण मारायची. ज्ञानेश्वरचे दोन ठिपके, सतीशचे तीन. ज्ञानेश्वरच्या सुट्टीचा रविवार साधून गुपचूप केलेल्या कामावरही हातानं सवयीनं खूण मारली होती!

तेवढ्यात बाई आल्या, सोबत सतीश. बराच वेळ इंग्रजी चाललं. ज्ञानेश्वरला त्यात दोनच शब्द कळले, स्वतःचं नाव आणि सॉरी.

"सत्या, सॉरी कोन म्हनतंय? मी?"

"ज्ञाना, प्लीज, आत्ता सीन नको. तू न विचारता केलंस, असं सांगितलंय मी. तुला गावात वर्कशॉप तरी आहे. माझा जॉब गेला तर माझ्या पोरीच्या, सान्वीच्या, शाळेचं काय?"

ज्ञानेश्वरनं इंपेलर बाईंपुढं धरला. ठिपक्यांवर बोट ठेवलं, मग तेच बोट सतीशकडं वळवलं. "धिस... सत्या!"

बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि सतीशला काहीतरी विचारलं. सतीश हळू आवाजात बोलला. बाईंनी ज्ञानेश्वरकडं असं पाहिलं, जसं खोडी लपवणाऱ्या पोराकडं पाहावं, आणि मान हलवत त्या निघून गेल्या.

"काय सांगितलंस?"

"की ही फिटरची खूण असते." सतीशनं नजर चुकवली. "खोटं नाही बोललो. कागदावर त्या सही करणार नाहीत. महिनाअखेरपर्यंत राहा म्हणाल्यात."

परक्यानं हे केलं असतं, तर चार शिव्या हासडून ज्ञानेश्वर मोकळा झाला असता. पण हा एका ताटात जेवलेला. त्या ठिपक्यांचा अर्थ या मुलखात दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला एक उलटला होता.

पण वरच्या भेंडीनं कुणाचं काय वाकडं केलं होतं? त्यानं पाचही बुचं ड्रिलनं काढली, नवं बेअरिंग बसवलं. मिटवायच्या आधी हातोडी आणि पंच सतीशपुढं धरला.

"घे. तूच मार खून."

"माझी?"

"न्हाई, माजी. दोन ठिपकं. माज्या नावानं कराया शिकलास न्हवं?"

निदान आता तरी त्याचा हात अडेल, असं ज्ञानेश्वरला वाटलं होतं. सतीशनं खाली मान घालून पंच टेकवला आणि दोन ठिपके मारले. तेही अगदी सरळ रेषेत, वडलांनी शिकवले होते तसे.

ज्ञानेश्वरनं पंप मिटवला आणि बटण दाबलं. पाणी चढलं, भोकं बुजवायच्या आधी चढत होतं तेवढंच.